अठरा माणसं, शब्द दोन: साडूला इंग्रजीत काय म्हणायचं?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी, लई दिवसांनी धागा काढतोय. मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, कार्यालय विजापूर रोडला, पत्रिका निम्म्या वाटून झाल्या आणि आता कन्येने नवीनच काम लावलंय. ती पुण्यात नोकरीला आहे, तिचे इंग्लंडचे साहेब, त्यांची बायको आणि अजून एक बाई असे तिघं लग्नाला सोलापूरला येऊलालेत. त्यांच्या हातात एक कागद द्यायचा म्हणे, मांडवात कोण कोणाचं काय लागतं त्याचा, इंग्रजीत. मी म्हटलं त्यात काय, अर्ध्या तासाचं काम, आणि बसलो.

माझ्या बायकोला चार भाऊ, ते झाले ब्रदर-इन-लॉ. तिला तीन बहिणी, त्यांचे नवरे म्हणजे माझे तीन साडू, ते पण ब्रदर-इन-लॉ. माझ्या दोन बहिणींचे नवरे, आमचे दाजी, ते पण तेच. झाले नऊ. मग बायका घेतल्या. तीन मेहुण्या, चार मेहुण्यांच्या चार बायका, आमची वहिनी आणि धाकट्या भावाची बायको. नऊ सिस्टर-इन-लॉ. अठरा माणसं आणि शब्द दोन! तो साहेब कागद वाचून म्हणेल या माणसाने एकच ओळ कॉपी पेस्ट केलीय. आणि ज्यांच्यासाठी एवढा घाट घातलाय ते व्याही आणि विहीणबाई, त्यांना तर शब्दच सापडेना. कुणाला माहीत असेल तर सांगा, कन्येला रविवारपर्यंत पाहिजे.

होटगीरोडकर
हाहाहा. काका, हे मी भोगलंय. बँकेत होतो तेव्हा साहेब परप्रांतातले, रजेचा अर्ज इंग्रजीतच लागायचा. एका वर्षात आधी मोठे मेहुणे गेले, मग साडू गेले, मग दिवाळीनंतर बहिणीचे यजमान गेले. तिन्ही अर्जांत मी प्रामाणिकपणे लिहिलं, ब्रदर-इन-लॉ वारले. तिसऱ्या वेळी साहेबांनी आत बोलावलं, दार लावलं आणि शांतपणे विचारलं, तुमचे ब्रदर-इन-लॉ नेमके किती वेळा वारतात?

गड्डा_रिटर्न
को-ब्रदर लिहा की बे, विषय संपला. जावेला को-सिस्टर. आमच्या कंपनीत सगळे हैदराबादवाले तेच म्हणतेत.

अशोकचौक
को-ब्रदर आमच्या बाजूचंच. घरी तेलुगू बोलतो आम्ही, तीन पिढ्या मागात गेल्या पण भाषा तीच. आमच्यात साडूला म्हणतात तोडल्लुडु. तोडु म्हणजे जोडीदार, सोबती, आणि अल्लुडु म्हणजे जावई. एकाच घरचे दोन जावई, जोडीचे जावई. जावेला तोडिकोडलु, म्हणजे जोडीची सून. हेच कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं आणि को-ब्रदर झालं असं मला वाटतं, आमच्यासारख्यांना ते ऐकल्या ऐकल्या कळतं. व्याह्याला वियंकुडु. त्याचं इंग्रजी मात्र आमच्याकडेपण नाही.

शेजारी कानडी घर आहे, त्यांना विचारलं. साडूला षड्डक, व्याह्याला बीगरु, जावेला ओरगित्ती. आणि मजा बघा, त्यांच्यात मैदुन म्हणजे धाकटा दीर. तुमचा मेहुणा आणि त्यांचा मैदुन एकाच मुळातून आलेले, सोलापूर ओलांडलं की बायकोचा भाऊ जाऊन नवऱ्याचा भाऊ झाला.

मिडलंडकर
मूळची साखर पेठेतली, आता बरीच वर्षं इंग्लंडात. काका, को-ब्रदर अजिबात लिहू नका, इकडच्या माणसाला तो धंद्यातला पार्टनर वाटेल नाहीतर एखाद्या मठातला बंधू. इथले लोक सरळ नाव घेतात. फारच खोलात जायचं असलं तर 'बायकोच्या बहिणीचा नवरा' असं लांबलचक सांगतात, आणि ते सांगायची वेळ वर्षातून एकदा नाताळात येते. साडूला भेटायची सक्तीच नसेल तर शब्द लागतो कशाला? व्याह्यांचंही तसंच, लग्नात एकदा भेटले, फोटो झाला, मग बाळाच्या बारशालाच. सासूला नावाने हाक मारतात हे मला पचायला दोन वर्षं लागली. माझ्या घरी भाडेकरू म्हणून राहिलेली मुलगी सासूला सरळ नाव घेऊन 'चहा ठेव ना' म्हणायची आणि ती ठेवायची.

शब्दकिडा
थोडं लांब लिहितो, माफी असावी, हा माझा आवडता विषय.

इंग्रजीकडे शब्द नव्हते असं नाही हो. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत सासरच्या माणसांना स्वतंत्र शब्द होते, आणि ते ऐकले की आपल्याच गोतात आल्यासारखं वाटतं. उच्चार स्पेलिंगवरून लिहितोय, थोडं इकडेतिकडे धरा. सासरा म्हणजे स्वेओर, सासू म्हणजे स्वेगर. संस्कृतात श्वशुर आणि श्वश्रू. सून म्हणजे स्नोरु, संस्कृतात स्नुषा, आपली 'सून' त्याच स्नुषेची झिजून झालेली. आणि दीर? दिराला म्हणायचे ताकोर. काहीच जुळत नाही वाटतं ना, पण दोनला टू, दहाला टेन, तसा आपला द तिकडे ट-त होतो, म्हणजे ताकोर हा आपल्या देवराचाच सख्खा भाऊ. जर्मनीत मेंढपाळ आणि इकडे नांगर धरणारा, दोघांनी नवऱ्याच्या भावाला एकाच जुन्या शब्दाने हाक मारली.

मग हे गेले कुठे? १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात घुसले, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच बसली, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत हे जुने शब्द गळाले. त्या जागी फादर, मदर, ब्रदर यांना 'इन-लॉ' चं शेपूट लागलं. जर्मन लोकांनी जुना धागा बराचसा ठेवला, साडूसाठी तर त्यांच्याकडे श्विपश्वागर असा फर्मास शब्द आहे. स्पॅनिशमध्ये साडू कोंकुन्यादो आणि व्याही कोनसुएग्रो. ज्यू लोकांच्या यिद्दिश भाषेत मुलाच्या-मुलीच्या सासरच्यांना मखातोनिम. म्हणजे व्याह्यांना नाव नसणं ही सगळ्या गोऱ्यांची गोष्ट नाही, इंग्रजीचीच आहे.

आपलं म्हणाल तर जाऊ आली यातृ वरून, नणंद ननांदृ वरून, जावई जामातृ वरून, भावजय म्हणजे भ्रातृजाया. सोयरा, सोयरीक हे तर रोज वापरतो. साडू पण जुनाच, मूळ शब्दाचा अर्थ 'मेहुणीला लग्न करून नेणारा' असा आहे, म्हणजे साडूकडे बघायची नजर तेव्हापासून तिरकीच.

गड्डा_रिटर्न
सोयऱ्यावरून आठवलं, त्या २०२४ च्या मराठा आरक्षणाच्या मसुद्यातल्या 'सगेसोयरे' चं इंग्रजी काय केलं असेल हो

संचालक
राजकारण दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त लग्नातले सगेसोयरे.

होटगीरोडकर
किडेसाहेब भारी. पण हे 'लॉ' कुठलं? लग्न रजिस्टर केलं म्हणून का?

काळाकोट
नाही. गैरसमज सगळ्यांचाच असतो, मी वकिली करून पण बरेच दिवस तसंच समजत होतो. हा लॉ कोर्टाचा नाही, चर्चचा आहे. चर्चचं म्हणणं असं की लग्नाने नवरा-बायको एक देह होतात, म्हणून बायकोची बहीण ती तुझी बहीण, भावाची बायको ती पण तुझी बहीण. रक्ताची नाही तर कायद्याने, म्हणून सिस्टर-इन-लॉ. अर्थ एवढाच की हिच्याशी तुला लग्न करता येणार नाही. १५६३ साली तिथल्या आर्चबिशप पार्करने अशी यादीच काढली, कोणाकोणाशी लग्न करू नये, आणि ती पुढे चर्चच्या भिंतीवर लावायचे. पुरुषांसाठी तीस नाती, बायकांसाठी तीस. सुरुवातच आजीपासून आहे, आजीशी लग्न करू नये. बरं झालं सांगितलं.

यावरून काय काय झालं बघा. बायको वारली आणि मुलांचं करायला धाकटी बहीण आली, तिच्याशीच लग्न केलं, हे आपल्याकडे किती घरांत झालंय, कुणाला वावगं वाटत नाही. इंग्लंडात १८३५ च्या कायद्याने असलं लग्न सरळ रद्दबातल. होल्मन हंट नावाचा मोठा चित्रकार होता, त्याची बायको बाळंतपणानंतर गेली, त्याला तिच्या बहिणीशी लग्न करायचं होतं, तर १८७५ ला स्वित्झर्लंडला जाऊन करावं लागलं. आणि तिसऱ्या बहिणीचा नवरा, शिल्पकार थॉमस वूलनर, म्हणजे हंटचा साडू, त्याने यावरून हंटशी बोलणंच टाकलं. पार्लमेंटात वर्षानुवर्षं या मेहुणीवर वाद चालले होते, शेवटी १९०७ ला परवानगी मिळाली. भावाच्या विधवेसाठी तर १९२१ उजाडलं.

तेव्हा साडूला शब्द का नाही ते आता कळेल. त्या यादीला प्रश्न एकच होता, लग्न चालतं का नाही. साडू-साडूंचं लग्न लावायचा प्रश्नच नव्हता, व्याह्यांचा तर त्याहून नाही. मग नाव कशाला ठेवतील.

शेंगाचटणी
वकीलसाहेब डोकं गरगरलं. आता माझा खरा घोळ सांगतो जो मी मुद्दाम वर लिहिला नव्हता. माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. आमच्याकडे हे चालतं, मामाने माझ्या जन्मालाच सांगून ठेवलेलं. म्हणजे माझे सासरे माझे मामा आणि बायकोची सासू तिची सख्खी आत्या. चारही मेहुणे माझे मामेभाऊ, लहानपणी एकाच विहिरीत पोहलोय. आता आईला कागदावर काय लिहू? सुनेची मदर-इन-लॉ लिहिलं तर आई म्हणते, 'मी काय परकी आहे का रे, माझ्या भावाची पोर आहे ती.' आणि कन्या म्हणते पप्पा हे साहेबांना सांगूच नका, त्यांना धक्का बसेल.

काळाकोट
काही धक्का बसत नाही. त्यांना सांगा, चार्ल्स डार्विनने मामाच्या मुलीशीच लग्न केलं होतं. १८३९ साली, एमा वेजवूड, त्याच्या आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. इंग्लंडात आते-मामे काय, चुलत-मावस भावंडांची लग्नंसुद्धा आठव्या हेन्रीने १५४० लाच मोकळी करून ठेवली होती. म्हणजे त्यांना चुलत बहीण चालते, मेहुणी चालत नव्हती. आपल्याला मेहुणी चालते, मामाची मुलगी चालते, चुलत बहिणीचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवतात. आपला १९५५ चा हिंदू विवाह कायदा पण असल्या लग्नांना जवळचं नातं म्हणून आडवा येतो, फक्त ज्यांच्यात तशी रूढी आहे त्यांना सूट आहे, म्हणून तुमचं निभावलं.

शब्दकिडा
डार्विनचं अजून आहे. एमाच्या भावाने, जोसाया वेजवूडने, डार्विनची बहीण कॅरोलाईन दोन वर्षं आधीच केली होती. म्हणजे शुद्ध साटंलोटं! जोसाया डार्विनचा मामेभाऊ, मेहुणा आणि दाजी, तिन्ही. हे कुटुंब सोलापुरात कुणाच्या पण लग्नात खपलं असतं.

आणि काका, तुमच्या आईचं म्हणणं भाषेत बसलेलंच आहे की. आपल्या जुन्या घरांत सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायच्या, नातं नसलं तरी. तेलुगूत अत्त म्हणजे आत्या पण आणि सासू पण, मामा म्हणजे मामा पण आणि सासरा पण, अशोकचौक सांगतीलच. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यांवर जो अभ्यास छापला त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात ठेवलाय. सोलापूर तर त्या मधल्याच्या पण मधे.

अशोकचौक
बरोबर, अत्त आणि मामा. आमच्यात तर अक्काच्या मुलीशी पण होतात लग्नं. माझी मोठी बहीण हीच माझी सासू आहे. आता करा इंग्रजी.

होटगीरोडकर
🙏 धागा बंद करा, मी चाललो जेवायला.

नवीपेठेतली_सून
सगळं वाचलं. छान माहिती आहे पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते, राग नको. सगळे आपल्याकडे किती शब्द, त्यांच्याकडे किती कमी म्हणून छाती फुगवूलालेत. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू, आजेसासू, चुलतसासू, दोन जावा, तीन नणंदा आणि एक दीर. प्रत्येक शब्दाच्या पाठीवर एक काम आलं. आजेसासूंना चहा पहाटे पाचला, तो पण बशीत. थोरल्या जाऊबाईंच्या आधी ताटावर बसायचं नाही. नणंदा माहेरपणाला आल्या की त्यांनी कशाला बोट लावायचं नाही, त्या वन्सं, आणि त्यांचं पोर रडलं तर मी उठायचं. दीर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण भावजी म्हणायचं आणि 'अहो' म्हणायचं. आणि आमचे हे माझ्या माहेरी गेले की? सासू, सासरे, मेहुणा, मेहुणी, विषय संपला, चारही जण 'जावईबापू' म्हणत मागेपुढे. पाट, ताट, वर सुपारी. त्यांच्या वाट्याला एकाही शब्दाबरोबर काम आलं नाही.

आणि शिव्या बघा. साला ही शिवी. बायकोच्या भावाला म्हणायचा शब्द, तो रस्त्यात कुणालाही फेकून मारतात. 'ए दिरा' अशी शिवी कुणी कधी ऐकलीय? इंग्रजीत नवऱ्याची बहीण आणि बायकोची बहीण एकच शब्द, एकच वजन, ते मला तरी वाईट वाटत नाही.

मिडलंडकर
ताई पटलं. मात्र शब्द सारखे म्हणून वागणं सारखं असं नाही, इथे पण चेष्टा सगळी बायकोच्या आईचीच, जुने विनोदवाले त्यावर पोट भरायचे. सासऱ्यावर विनोद कुणी केलेला ऐकला नाही. पण थोरली-धाकटी जाऊ हा प्रकार नाही एवढं खरं. मला दोन जावा आहेत, तिघी तीन गावांत, तिघी एकमेकींना नावाने बोलावतो, आणि तरी भारतात आलो की थोरलीच्या हातात आपोआप किल्ल्या जातात.

शब्दकिडा
ताईंचा मुद्दा मी मान्य करतो, मी हे सगळं धातू-प्रत्ययात बघत बसतो. त्यांच्या शब्दाला विचारलं तर तो सांगतो हिच्याशी लग्न नको. आपल्या शब्दाला विचारलं तर सांगतो पदर कुणासमोर घ्यायचा, आहेर कुणाला किती, चेष्टा कुणाची करायची, रुसलं तर कुणाला मनवायचं. काका, मला वाटतं तुम्ही नात्याचं भाषांतर करूच नका. मराठी शब्द तसाच ठेवा आणि पुढे लिहा की हा माणूस मांडवात काय करतो.

गड्डा_रिटर्न
हे जमतंय. मेहुणा = कान पिळणारा.

शेंगाचटणी
मंडळी, झालं. काल रात्री बसून लिहिलं, कन्येने इंग्रजी केलं, शब्द मराठीच ठेवले. थोडा नमुना:

मामा: नवरीच्या मागे उभे असतील. त्यांच्याशिवाय मंगलाष्टक सुरू होत नाही.
मेहुणे, चार: मंडप, गाड्या, जनरेटर, भटजी. काही लागलं तर यांनाच शोधा, घामाने ओळखू येतील.
नवरीचा भाऊ: हा नवऱ्याचा कान पिळेल. मारामारी नाही, पैसे मिळतात.
दाजी, दोन: बसलेले असतील. बसू द्यावं.
व्याही: आज यांचं सगळं बरोबर असतं.
विहीण: यांनी काहीही विचारलं तर 'छान' म्हणावं. पंगतीत या वाढायला सांगतील तेवढं खावं.
साडू, तीन: माझ्यासारखेच या घरचे जावई. थोरले नाराज असतात, कारण विचारू नये.
माझी आई: नवरीची आजी. नवरीच्या आईची सासू आणि आत्या. दोन्ही. प्रश्न असल्यास डार्विन.

आई खूष आहे. डार्विन कोण विचारत होती, मी म्हटलं इंग्लंडचे पाव्हणे, आपल्यातलेच.

काळाकोट
प्रश्न असल्यास डार्विन 😂 फ्रेम करून कोर्टात लावतो.

अशोकचौक
काका लग्नाचं बोलावणं पाहिजे आता.

शेंगाचटणी
मंडळी, लग्न पार पडलं, देवाच्या कृपेने सगळं व्यवस्थित. तिघं पाहुणे दोन दिवस राहिले, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं घेऊन गेले, सिद्धेश्वराचं दर्शन पण झालं. कागदाचा उपयोग एवढा झाला की साहेबांच्या बाई दर दहा मिनिटांनी एकेका मेहुण्याला शोधून 'तुम्ही जनरेटर का?' म्हणून हात मिळवत होत्या. कान पिळायच्या वेळी तर त्या खुर्चीवर उभ्या राहिल्या.

घोळ एकच झाला. कन्येने कागदाच्या वीस प्रती काढल्या होत्या, एक टेबलावर राहिली, ती थोरल्या साडूंच्या नातवाने उचलली. पोरगा इंग्लिश मीडियमचा. त्याने आजोबांना भर पंगतीत वाचून दाखवलं, 'थोरले नाराज असतात, कारण विचारू नये.' श्रीखंडाचं ताट तसंच टाकून उठले. आज आठ दिवस झाले, फोन उचलत नाहीयेत, बायको माझ्याशी बोलेना कारण तिची बहीण तिच्याशी बोलेना. मामंजी म्हणजे मामा म्हणतात तूच निस्तर. काय करू?

नवीपेठेतली_सून
जा. स्वतः जा, फोनवर नको. टोपी-उपरणं घेऊन जा, आणि आहेरात त्यांचं काही राहिलं होतं का ते आधी बायकोला विचारा, कागद निमित्त असतो.

होटगीरोडकर
म्हणून सांगत होतो काका. 'नऊ ब्रदर-इन-लॉ, एक नाराज' असं लिहिलं असतं तर आठ दिवस सगळे एकमेकांकडे बघत बसले असते.